रस्ता राज्याचा, कड गावाची

सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग कन्नड सोडल्यावर ज्या औट्रम घाटाने खानदेशात उतरतो, त्या घाटात ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने दरडी कोसळून वाहतूक बंद पडली, आणि पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना तो घाट वर्ज्य ठरला. दोन्ही वेळी मालमोटारींनी जायचे कोठून हा प्रश्न उभा राहिला, आणि दोन्ही वेळी त्याच्या उत्तरात दौलताबाद टी पॉइंट, कसाबखेडा, देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव हा मार्ग पुढे आला. घाटातील कोंडी, तेथील अपघात आणि तासन्‌तास अडकून पडणारे प्रवासी पाहता जड वाहने वळवण्याचा निर्णय अनाठायी होता असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्या दिवशी तो अमलात आला त्या दिवशी कन्नड तालुक्यातील एका बाजारगावावरून जाणाऱ्या रस्त्याचे प्रयोजनच पालटले, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना असलेल्या शेतांचे, घरांचे, दुकानांचे नि बाजाराचे पुढे काय व्हावे, याचा विचार करणे हे वाहतूक वळवणाऱ्या यंत्रणेचे कामच नव्हते.

देवगाव रंगारीचे स्थान या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. कसाबखेड्याकडून शिऊरकडे जाणारा रस्ता आणि कन्नडहून लासूर स्टेशनकडे उतरणारा रस्ता, अशा दोन वाटा येथे एकमेकींना भेटतात. पहिलीवर घाटातून वळवलेली जड वाहतूक आली. दुसरी वाट लासूर परिसरातील हडस पिंपळगाव येथे समृद्धी महामार्गाला जे प्रवेशद्वार ठेवले आहे त्याच्या दिशेने जाते. म्हणजे एका रस्त्याचे भवितव्य न्यायालयाच्या आदेशाने ठरले, दुसऱ्याचे राज्य शासनाच्या एका महाप्रकल्पाने ठरत आहे, आणि या दोहोंचा जेथे छेद पडतो त्या गावाच्या ग्रामसभेपुढे यांपैकी एकही विषय निर्णयासाठी येण्याचे कारण कायद्याने ठेवलेले नाही. कापूस, मका, आले आणि कांदा पिकवणाऱ्या या टापूला चांगला रस्ता हवाच आहे. प्रश्न इतकाच की, रस्ता आखताना आपण त्याच्या कडेची जमीनही आखत असतो, ही गोष्ट आपल्या राज्यकारभाराच्या दप्तरात कोठे नोंदली जाते काय?

याचे उत्तर शोधू गेल्यास दप्तरे एक नसून अनेक आहेत असे आढळते. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यंत्रणेकडे आणि द्रुतगती मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. जमिनीची व्यवस्था याहून निराळी. शेतजमीन बिगरशेतीकडे वळवण्याचे नियमन महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये जिल्हाधिकारी व तहसीलदार यांच्याकडे, प्रादेशिक योजना आणि विकास योजना त्याच वर्षीच्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वये नगररचना खात्याकडे, आणि गावठाणातील दैनंदिन कारभार १९५८ च्या अधिनियमान्वये ग्रामपंचायतीकडे. प्रत्येक कचेरी आपल्या हद्दीत काटेकोर असते, परंतु रस्ता आणि जमीन यांचा एकत्र विचार करील अशी कचेरी या सबंध रांगेत सापडत नाही.

ही विभागणी कोणी दुष्टाव्याने केली असे नव्हे. तिला इतिहास आहे. आपल्याकडे रस्त्यांचा देशव्यापी विचार प्रथम झाला तो बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीत. मोटारी वाढत चालल्या असताना प्रांतांच्या व स्थानिक मंडळांच्या तिजोरीला रस्त्यांचा भार पेलत नाही, हे ओळखून समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून स्वतंत्र निधी उभारण्याची शिफारस केली, आणि १९२९ मध्ये तसा निधी स्थापन झाला. पुढे १९४३ च्या डिसेंबरात देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरास भरली आणि तिने वीस वर्षांची जी योजना सिद्ध केली, तीमुळे राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग ही आजतागायत चालत आलेली वर्गवारी रूढ झाली. शेतीच्या विकसित मुलखातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून अधिक दूर राहू नये, हा त्या योजनेचा दंडक होता. ज्या काळी पावसाळ्याचे चार महिने गावेच्या गावे जगापासून तुटत असत, त्या काळी रस्ता गावापर्यंत पोहोचणे हेच ध्येय असणे स्वाभाविक होते. पोहोचल्यानंतर तो रस्ता गावाचे काय करील, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांसाठी राहून गेला.

तो प्रश्न आमच्या भागाला अगदी नवाही म्हणता येत नाही. निजामाच्या अमदानीत १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडपर्यंत आला आणि लासूरला स्थानक मिळाले. स्थानकापाशी माल उतरू लागला, म्हणून वखारी आल्या. वखारींपाठोपाठ अडते आले. अडत्यांपाठोपाठ वस्ती आली. आणि पाहता पाहता ‘लासूर स्टेशन’ या नावाने एक स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली. रूळ टाकणाऱ्यांनी नगर वसवण्याचा संकल्प केला नव्हता, तरी नगर वसले. दळणवळण आले की जमिनीचा उपयोग बदलतो हा सृष्टिनियमासारखा नियम आहे. तो बदल आपण योजून घडवायचा की घडल्यावर निस्तरायचा, एवढेच काय ते मनुष्याच्या हाती असते.

कायद्याने याची काहीच तरतूद केली नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९५५ च्या मुंबई महामार्ग अधिनियमाने रस्त्याच्या हद्दीपलीकडे इमारत रेषा व नियंत्रण रेषा निश्चित करण्याचा अधिकार शासनाला दिला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे सपाट, मोकळ्या प्रदेशातील राज्य मार्गाची हद्द ४५ मीटर रुंद असावी, दोन्ही बाजूंच्या इमारत रेषांमध्ये ८० मीटर आणि नियंत्रण रेषांमध्ये १५० मीटर अंतर असावे. हे आकडे एखाद्या शेतावर उतरवून पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ ध्यानात येतो. समजा, रस्त्यालगतचा एक गट आहे आणि त्याची खोली रस्त्याच्या हद्दीपासून १०० मीटर आहे. रस्त्याच्या मध्यापासून हद्द साडेबावीस मीटरवर. इमारत रेषा मध्यापासून ४० मीटरवर. म्हणून शेतकऱ्याच्या मालकीच्या पहिल्या साडेसतरा मीटरांत बांधकाम नाही. त्यापुढे नियंत्रण रेषेपर्यंत ३५ मीटरांचा पट्टा असा, की ज्यात बांधायचे तर आधी खात्याची संमती हवी. उरलेल्या साडेसत्तेचाळीस मीटरांत तो इतर कायद्यांच्या अधीन राहून मोकळा. कागदावर ही योजना निर्दोष आहे.

प्रत्यक्षात त्या साडेसतरा मीटरांत काय घडते, ते मराठवाड्यातील कोणत्याही फाट्यावर उभे राहून पाहावे. मालमोटारी थांबू लागल्या की प्रथम बांधालगत मुरूम पडतो आणि चहाची टपरी उभी राहते. टपरी म्हणजे इमारत नव्हे, म्हणून हरकत कोणाची नाही. तिच्या शेजारी पंक्चरचे दुकान येते, मग टायरांचा ढीग, मग पत्र्याच्या शेडची गॅरेज. वर्षा-दोन वर्षांत मागच्या बाजूला पक्के गाळे बांधले जातात, आणि त्यांचे गिऱ्हाईक रस्त्यावरून येणार म्हणून पुढचा मोकळा पट्टा वाहनतळ होतो. शेजारच्या गटात मंगल कार्यालय उभे राहते व लग्नसराईत त्याच्या वऱ्हाडाच्या जीपा डांबरापर्यंत येतात. प्रत्येक गाळ्याला, पंपाला, कार्यालयाला रस्त्यावर स्वतःचे तोंड हवे असते, आणि प्रत्येक तोंडाशी वेगाने जाणारे वाहन व वळणारे वाहन यांची गाठ पडते. दहा-पंधरा वर्षांनी रस्ता रुंद करण्याची वेळ आली म्हणजे मोजणीवाले येतात, निशाण्या होतात, नुकसानभरपाईचे वाद कज्ज्यापर्यंत जातात. आणि शेवटी गावाला वळसा घालणारा बाह्यवळण रस्ता काढावा असे ठरते. त्या बाह्यवळणाच्या कडेची जमीनही मोकळीच सोडलेली असल्यामुळे तेथे पुन्हा पहिली टपरी लागते. एस.टी.च्या लांब पल्ल्याच्या गाड्या गावात न शिरता फाट्यावरच उतारू सोडतात, आणि गावातला जुना बाजार व फाट्यावरचा नवा बाजार यांच्यामधले अंतर म्हाताऱ्याकोताऱ्यांना पायी तोडावे लागते.

या साखळीत दोष शोधू गेल्यास कोणा एकाच्या पदरी तो घालता येत नाही. ज्याने गाळे बांधले त्याने परवानगी मागितली असेल तर ती देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे एकच गट होता, एकच नकाशा होता आणि एकाच प्रवेशमार्गाचा प्रश्न होता; महामार्गाच्या दृष्टीने एक प्रवेशमार्ग कधीच घातक नसतो. घातक असतात ते दोन किलोमीटरांत पडलेले चाळीस, आणि चाळिसांचा विचार एकत्र करावा असे कोणत्याही एका प्रकरणाच्या कागदांत लिहिलेले नसते. अकृषिक परवानगीची रीत काळानुसार सुलभ होत गेली, गावठाणालगतच्या २०० मीटरांतील जमीन निवासी उपयोगासाठी अकृषिक मानण्याची तरतूद महसूल अधिनियमात आली, आणि नागरिकाला कचेरीचे खेटे घालावे लागू नयेत या दृष्टीने ते इष्टच झाले. परंतु असा प्रत्येक निर्णय एकाच वेळी वाहतुकीचाही निर्णय असतो, याची जाणीव त्या सुलभतेत कोठे उमटली नाही.

आता समृद्धी महामार्गाकडे वळू, कारण रस्ता आणि जमीन यांची सांगड घालण्याचा राज्याने केलेला सर्वांत मोठा संकल्प तोच होय. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरांचा हा मार्ग दहा जिल्ह्यांतून जातो. नागपूर–शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आरंभीची कल्पना अशी होती की, शेतकऱ्यांनी जमीन विकण्याऐवजी प्रकल्पात भागीदार म्हणून द्यावी आणि तिच्या मोबदल्यात मार्गालगतच्या नव्या नगरांत विकसित भूखंड घ्यावेत. पुढे बहुसंख्य शेतकऱ्यांनी थेट खरेदीचा रोख व्यवहारच पसंत केला. तरीही महामार्गाच्या प्रवेशद्वारांशी ‘कृषी समृद्धी केंद्रे’ नावाची नवनगरे वसवण्याचा आराखडा राहिला, आणि त्यांच्या नियोजनाचे अधिकार रस्ता बांधणाऱ्या रस्ते विकास महामंडळाकडेच सोपवण्यात आले. रस्ता व जमीन एका हाती आली, ही गोष्ट तत्त्वतः स्वागतार्ह.

मात्र या योजनेत एक सूक्ष्म उणीव आहे, आणि ती देवगावसारख्या ठिकाणाहूनच नीट दिसते. द्रुतगती मार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण असते. त्यावर टपरी लागत नाही, गाळा निघत नाही, कोणाच्या शेताला तोंड मिळत नाही. म्हणून कडेला वस्ती वाढण्याचा जो दाब एरवी त्या मार्गावर आला असता, तो बांध फुटल्यावर पाणी उताराची वाट धरते तसा प्रवेशद्वारांना मिळणाऱ्या जोडरस्त्यांकडे वळतो. नवनगराच्या अधिसूचित हद्दीत नियोजन आहे. हद्दीबाहेर दहा-वीस किलोमीटरांवर जो जोडरस्ता कापूस आणि कांदा घेऊन येतो, त्याच्या कडांना नियोजन नाही. जेथे प्राधिकरण आहे तेथे अजून वस्ती यायची आहे, आणि जेथे वस्ती आजच वाढते आहे तेथे प्राधिकरण नाही, असा हा व्यत्यास आहे.

इतर देशांनी हा पेच कसा सोडवला, हे पाहणे उपयुक्त ठरेल. इंग्लंडात दोन महायुद्धांच्या दरम्यान मोटाररस्त्यांच्या कडेने मैलोन्‌मैल घरांच्या पट्ट्या पसरल्या, तेव्हा १९३५ साली पार्लमेंटने त्यांना आवर घालणारा कायदा केला आणि वर्गीकृत रस्त्याच्या मध्यापासून २२० फुटांपर्यंतच्या बांधकामावर व नव्या प्रवेशमार्गांवर निर्बंध घातले. हा निषेधाचा मार्ग झाला. अमेरिकेतील ओरेगन राज्याने समन्वयाचा मार्ग धरला. तेथे १९७३ च्या कायद्याने प्रत्येक नगराला व परगण्याला राज्याच्या उद्दिष्टांशी सुसंगत भूमियोजना करणे बंधनकारक झाले, आणि १९९१ च्या वाहतूक नियोजन नियमाने असे ठरवले की, एखाद्या स्थानिक संस्थेला जमिनीचा उपयोग बदलायचा असेल व त्या बदलाचा रस्त्याच्या कार्यक्षमतेवर लक्षणीय परिणाम होणार असेल, तर रस्ता तो भार कसा सोसणार याची तजवीज तिने आधी दाखवावी. भूमियोजना स्थानिक, रस्ता राज्याचा, आणि दोहोंची गाठ घालणारा नियम लेखी, ही त्या व्यवस्थेची खुबी.

आपल्या राज्यातही समन्वयाचा उत्तम दाखला आहे, फक्त तो ग्रामीण नाही. नवी मुंबई वसवताना १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोच्या हाती जमीन होती. मानखुर्द–वाशी रेल्वेमार्ग १९९२ मध्ये सुरू झाला त्याच्या खर्चातील ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला व ३३ टक्के रेल्वेने, कारण रेल्वे आल्याने जमिनीला जे मोल चढणार होते ते सिडकोच्याच पदरी पडणार होते. दळणवळणाने निर्माण केलेल्या मोलातून दळणवळणाचा खर्च भागवण्याचे हे गणित आहे. गावपातळीवर त्याचे रूप म्हणजे नगररचना परियोजना. मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्यापासून माहीत असलेल्या या पद्धतीत सर्व खातेदारांच्या जमिनी एकत्र मांडून रस्ता, बाजार, शाळा यांसाठी प्रत्येकाकडून थोडी जमीन घेतात आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या अंतिम भूखंडांच्या रूपाने परत देतात. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने माण-म्हाळुंगे येथे अलीकडे हीच पद्धत हाती घेतली.

या पद्धतीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण नियंत्रणाविरुद्ध शेतकऱ्याचा जो आक्षेप असतो तो पोकळ नाही. ज्याच्या जिरायत जमिनीला तीन वर्षांतून एकदा अवर्षण गाठते, त्याच्या हाती रस्त्याकडेचा पट्टा ही एकच मिळकत अशी असते, की जिचे मोल पावसावर अवलंबून नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, बँकेची थकबाकी यांसाठी तो त्या पट्ट्याकडे पाहतो. त्याला ‘इमारत रेषेमागे राहा’ असे सांगून भरपाई मात्र न देणे, म्हणजे रस्त्याच्या सोयीचा सगळा खर्च एकट्या त्याच्या सातबारावर टाकणे होय. म्हणूनच तो नियम मोडतो, आणि गावातला कोणीही त्याला दोष देत नाही. रस्त्यालगतच्या व मागच्या खातेदारांनी त्याग आणि लाभ दोन्ही वाटून घेतले, तरच नियंत्रण टिकते. ग्रामीण भागात परियोजना राबवणे सोपे नाही, मोजण्या जुन्या आहेत आणि पोटहिस्से असंख्य. परंतु चाळीस गाळ्यांची मोडतोड करण्यापेक्षा ते खचित सोपे आहे.

तर मग देवगाव रंगारीसारख्या गावासाठी करायचे काय? पहिली गोष्ट, एखाद्या रस्त्याचा दर्जा वाढला किंवा त्यावर जड वाहतूक एका हंगामाहून अधिक काळ वळवली गेली, की बांधकाम खात्याच्या प्रकरणातच कडेच्या जमिनीची टिप्पणी जोडणे सक्तीचे व्हावे, आणि तीवर नगररचना सहायक संचालक, तहसीलदार व ग्रामपंचायत यांचे अभिप्राय घ्यावेत. दुसरी, बाह्यवळणाची गरज आज असो वा नसो, त्याची रेषा आजच प्रादेशिक योजनेत आखून राखून ठेवावी. मोकळ्या शेतातून रेषा ओढायला जो खर्च येतो, त्याच्या कित्येक पट खर्च वसलेल्या घरांतून ती ओढायला येतो. तिसरी, गावठाणाचा विस्तार, शाळा आणि आठवडी बाजार ही सर्व त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवावीत, म्हणजे मुलांना व बाजारकरूंना मालमोटारींचा रस्ता ओलांडावा लागणार नाही. चौथी, वखारी, वजनकाटे, जिनिंग, पंप, मालमोटारींचा तळ यांना एकत्र जागा देऊन मुख्य रस्त्यावर त्यांचे एकच तोंड ठेवावे. आणि पाचवी, एस.टी. कोठे थांबणार हे आगाराच्या वेळापत्रकावर न सोडता आराखड्यातच लिहावे.

हे सारे जुळवून आणणारी संस्था नव्याने निर्माण करण्याचीही आवश्यकता नाही. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असावी असे ठरवले आणि तिच्या कामात पंचायती व नगरपालिका यांच्या समाईक हिताच्या बाबींबरोबर अवकाशीय नियोजनाचाही, म्हणजे कोणती गोष्ट कोठे असावी याच्या विचाराचाही, स्पष्ट निर्देश केला. महाराष्ट्राने त्याचा अधिनियम १९९८ साली केला. या समित्यांच्या बैठका होतात त्या मुख्यत्वे वार्षिक निधीच्या वाटपासाठी. जिल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरून कोणत्या रस्त्याने कोणत्या गावाची जमीन बदलत आहे, याची चर्चा तेथे होणे हे घटनेच्या अपेक्षेत आहे, फक्त व्यवहारात यायचे आहे.

घाई कशाची, असे कोणी विचारील. औट्रम घाटाला बोगद्याचा पर्याय दीर्घकाळ चर्चेत आहे, आणि तो उद्या झाला तर आज देवगाववरून जाणारी जड वाहतूक पुन्हा महामार्गाकडे परतेल. त्या वेळी केवळ मालमोटारींच्या भरवशावर कर्ज काढून बांधलेले गाळे, ढाबे आणि गॅरेजी यांचे गिऱ्हाईक एका रात्रीत जाईल, आणि त्यांच्या मालकांना कोणताही कायदा भरपाई देणार नाही. तात्पुरत्या वळणावर कायमची बांधकामे उभी राहतात ती वळण किती काळासाठी आहे हे गावाला कोणी सांगितलेले नसते म्हणून. तेव्हा वाहतूक वळवणाऱ्या प्रत्येक आदेशाने आपली मुदत व फेरविचाराची तारीख लिहावी, ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि त्या मुदतीत कडेच्या जमिनीवर कोणते उपयोग मान्य होतील याचा नकाशा ग्रामसभेपुढे हरकतींसाठी ठेवावा. यासाठी नवा कर लागत नाही, नवे खाते लागत नाही. दोन कचेऱ्यांनी एकाच नकाशावर सह्या कराव्या लागतात, आणि त्या सह्या पहिल्या टपरीच्या आधी व्हाव्या लागतात.